धक्क्यावरच्या दगडावरील खुणा न पुसण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
स्मारके व सुशोभीकरण शाखा,
बंदर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : धक्क्यावरील परदेशी खलाशांच्या दगडावर यंत्र फिरवण्यास माझी हरकत. ती आज आहे आणि पुढेही राहील.

संदर्भ : १) आपली नोटीस. ती आमच्या शटरच्या कुलपावरच खळीने चिकटवल्यामुळे त्या सकाळी कुलपात किल्ली जाईना.
२) त्यानंतर मी आपल्या कार्यालयात घातलेल्या चकरा.

महोदय,

आधी मी कोण ते सांगते. धक्क्याकडे उतरणाऱ्या गल्लीत, दोरखंडाच्या वखारीला लागून जी लाँड्री आहे ती माझी. माझ्याआधी ती माझ्या आईची होती. आपल्या खुर्चीमागचे पांढरे पडदे आमच्याकडेच धुवायला येतात आणि त्यांना शाईचे हात कोण पुसते हेही मला ठाऊक आहे, पण तो या अर्जाचा विषय नव्हे. माझ्या हाताला कंप आहे, म्हणून मी सांगते आणि सूनबाई लिहिते. मी बोलेन ते जसेच्या तसे उतरवायचे, मऊ करायचे नाही, असे तिला बजावले आहे. वर तिने आपल्या मनाने ‘सविनय’ असा शब्द घातला होता, तो खोडायला लावला. खाडाखोड दिसल्यास समजून घ्यावे.

१. आपल्या नोटिशीत म्हटले आहे की सदर दगडावर ‘चौदा अनाकलनीय व अनधिकृत चिन्हे’ कोरलेली असून ती विद्रूपीकरण या सदरात मोडतात. सबब सुशोभीकरणाच्या कामात दगडाचा दर्शनी भाग यंत्राने घासून समतल करण्यात येईल, व त्यावर ‘अज्ञात परदेशी खलाशांच्या स्मरणार्थ’ अशी पितळी पाटी बसवण्यात येईल. कोणाची हरकत असल्यास महिनाअखेरीच्या आत लेखी कळवावे. माझी आहे. कळवते आहे.

२. ‘अज्ञात’ हा शब्द वाचून माझे डोके जे फिरले ते अजून ठिकाणावर आलेले नाही. अज्ञात कोणाला? आपल्याला असतील. आपण या शहरात बदलून आलात त्याला अजून वर्ष झालेले नाही, तेव्हा आपल्याला मीही अज्ञातच होते. तेवढ्यावरून मलाही घासून समतल करणार काय? (हे वाक्य काढा असे सूनबाई म्हणते. काढणार नाही.)

ती माणसे मोठ्या युद्धात मालवाहू जहाजावर होती. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. धान्य, कोळसा, औषधांची खोकी, जे लागेल ते ती समुद्रापलीकडून आणत. त्यांचा स्वतःचा देश तेव्हा शत्रूच्या ताब्यात गेला होता. घरी जायची सोय उरली नव्हती, म्हणून आमचे बंदर हेच त्यांचे येण्याजाण्याचे ठिकाण झाले. वरून विमाने आणि खालून पाणबुड्या, असे असताना ती फेऱ्या मारत राहिली. त्या धान्याची भाकरी या गावाने खाल्ली. आपल्या या कार्यालयात तेव्हा जे साहेब बसत, त्यांनीही खाल्लीच असणार. उपाशीपोटी एवढे जाडजूड दफ्तर कोणी लिहीत नाही.

३. आता ‘अनाकलनीय’ चिन्हांविषयी. त्यात न कळण्यासारखे काही नाही. ती धुण्याच्या खुणा आहेत.

जहाजावरच्या सगळ्यांना एकाच कापडाचे, एकाच निळ्या रंगाचे सदरे मिळत. त्यांची भाषा आम्हांला येत नव्हती, आणि त्यांची नावे अशी की अर्ध्यातच जीभ अडखळावी. म्हणून आईने प्रत्येकाला एक खूण दिली. ती लाल दोऱ्याने कॉलरच्या आतल्या बाजूला घालायची. दोन उभ्या रेघा आणि एक ठिपका म्हणजे भट्टीवाला. त्याच्या कॉलरीतला कोळसा काही केल्या निघत नसे, आणि कपडे द्यायला आला की तो आधीच कानाला हात लावून माफी मागे. गोलात फुली म्हणजे स्वयंपाकी. त्याच्या सदऱ्याला कितीही साबण लावा, कांद्याचा वास जात नसे. फणीसारखे तीन दात म्हणजे सुतार. आमच्या इस्त्रीच्या टेबलाचा मोडका पाय त्याने बसवून दिला होता आणि तो पाय आजही डुगडुगत नाही. टोकावर उभा चौकोन होता तारायंत्रवाल्याचा. तो खिशात कागदाचे कपटे विसरत असे आणि मग आमचे सगळे पाणी लगद्याने पांढरे होई. त्याला आई फार बोलायची. त्याला एक अक्षर कळत नसे आणि तो हसत उभा राही, त्यामुळे ती आणखीच चिडायची.

कपडे धुणाऱ्या बाईपासून माणूस काय लपवणार? कोणाला रात्री घाम फुटतो, कोणाच्या रुमालात रक्त येते, कोणी बाहीला डोळे पुसले आहेत, सगळे आमच्यापुढे येते. त्या चौदांविषयी आईला जेवढे माहीत होते तेवढे आपल्याला आपल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाविषयी तरी माहीत आहे का? आणि म्हणे अज्ञात.

४. दगड कसा आला, तेही कानावर घालते, कारण नोटिशीत ‘कोणी उभारला याची नोंद नाही’ असे लिहून आपण हात झटकले आहेत.

त्या जहाजावर एक रीत होती. निघताना प्रत्येकाने एक धुतलेला सदरा मुद्दाम आमच्याकडे ठेवून जायचा. आल्याबरोबर अंगावर स्वच्छ कपडा हवा, हे एक कारण. दुसरे कारण कोणी बोलून दाखवत नसे, पण सदरा मागे ठेवला की तो घ्यायला परत यावेच लागते, असे त्यांच्या मनाने घेतले होते. आमच्या मागच्या खोलीत एक फळी होती. तिच्यावर चौदा सदरे घडी करून, खुणा दिसतील असे ओळीने ठेवलेले असत.

जहाज बुडाल्याचे बंदरावर कळले. कोण गेले, कोण राहिले, हे मात्र कोणी सांगेना. जहाजाचे मालक शत्रूच्या मुलखात अडकलेले, इथला त्यांचा माणूस कचेरीला कुलूप लावून गेलेला. या बंदर कार्यालयात आई विचारायला आली, तेव्हा तिला सांगण्यात आले की ते सैनिक नाहीत आणि आपले नागरिकही नाहीत, सबब हा विषय या शाखेकडे येत नाही. शाखा कुठली ते आईने सांगितले नव्हते. उत्तरावरून ती आपलीच असावी.

आईने वाट पाहिली. सदऱ्यांना कसर लागू नये म्हणून ते ऊन दाखवून पुन्हा घडी घालून ठेवायची. युद्ध संपले, बाकीची जहाजे परतली, फळीवरचा एकही सदरा उचलला गेला नाही. तेव्हा गल्लीतल्या धुणाऱ्या बायका पदर खोचून उठल्या. धक्क्याच्या दुरुस्तीतून उरलेला एक मोठा दगड पडून होता, तो त्यांनी ओढत नेऊन समुद्राकडे तोंड करून उभा केला. पाथरवटाने विचारले, नावे काय घालू? नावे कोणाला लिहिता येत होती? आई घरी गेली आणि सदरे घेऊन आली. एकेक कॉलर उलटून तिने पाथरवटापुढे धरली, आणि त्याने कॉलरीवरची ती खूण जशी होती तशी दगडात उतरवली. झाले स्मारक. उद्घाटनाला कोणी साहेब नव्हते. त्यामुळेच बहुधा नोंद राहिली नाही.

५. नोटिशीत पुढे असेही म्हटले आहे की ‘यांपैकी एक इसम पुढे हयात आढळल्याचे स्थानिक बोलतात, सबब सदर स्मारकाची माहिती विश्वासार्ह नाही.’ हे खरे आहे. मी ते लपवणार नाही. उलट मीच आपल्या अभियंत्यांना सांगितले, ते मोजमाप घ्यायला आले होते तेव्हा, चहा पिता पिता. त्या चहाचे असे पांग फेडतील असे वाटले नव्हते.

फळीवरच्या सदऱ्यांवरून मेलेली माणसे मोजायची, ही चूक आम्हा धुणाऱ्यांच्याच हातून व्हायची. पण ती प्रामाणिक चूक होती. सदरा न्यायला आला नाही म्हणजे माणूस गेला, एवढेच आमचे शास्त्र. तर स्वयंपाकी गेलेला नव्हता. मधल्या एका बंदरात त्याचे पोट असे दुखायला लागले की त्याला दवाखान्यात उतरवून जहाज पुढे गेले होते. मी तेव्हा स्टुलावर चढून रुमालांना इस्त्री करण्याएवढी झाले होते. एक टक्कल पडलेला, सुटलेल्या पोटाचा माणूस दारात आला आणि त्याने हवेत बोटाने गोल काढून त्यात फुली मारली. आईच्या हातातली बादली खाली पडली.

मग आईने त्याला धक्क्यावर नेले. मीही मागोमाग गेले. दगडावर आपली खूण पाहून तो आधी इतका हसला की त्याला ठसका लागला. मग एकेका खुणेवर बोट ठेवून त्याने त्या माणसांची खरी नावे घेतली. आम्हांला ती पहिल्यांदाच ऐकू आली आणि एकही लक्षात राहिले नाही. मग तो तिथेच बसून रडला. मोठा माणूस तसा रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता. आई शरमली. उद्याच पाथरवटाला बोलावून तुझी खूण काढून टाकते, असे तिने त्याला खुणेने सांगितले. तोवर त्याला आमची भाषा थोडी यायला लागली होती. तो म्हणाला, “नको. मी इथंच बरा. ही माझी माणसं. मी दवाखान्यात, हे पाण्यात, हे काय बरोबर झालं काय?” परत लाँड्रीत येऊन त्याने आपला सदरा अंगाला लावून पाहिला. तो आता पोटावर मिटेना. त्याने तो नीट घडी घालून पुन्हा फळीवर ठेवला आणि गेला. त्यानंतर तो आला नाही.

तेव्हा चौदावी खूण ही चूक असली तरी ती ज्याची त्याच्या संमतीने राहिलेली आहे. आपल्या कार्यालयातल्या किती चुकांना अशी संमती आहे ते आपण बघावे.

६. गल्लीतल्या बायका दर वर्षी तो दगड साबणाने आणि ब्रशाने घासतात, त्यामुळे दगडाची ‘अवाजवी झीज’ होते, असाही आपला आक्षेप आहे. म्हणून आपण त्याला विजेच्या यंत्राने घासणार. यावर मी काय बोलू? मी फक्त एवढेच कळवते की आम्ही खुणांमधले मीठ आणि शेवाळ काढतो. पोरीसोरी, सुना, सगळ्या असतात. एकीने एक खूण घ्यायची असे नाही, प्रत्येकीने चौदाही घासायच्या, ही आईची सक्त ताकीद होती आणि तीच आजही चालू आहे.

७. आता मुद्द्यावर येते, कारण इथेच घोडे पेंड खाते आहे. आपल्या नोटिशीच्या मागच्या बाजूलाही मजकूर होता. ती बाजू खळीने कुलपाला चिकटलेली असल्यामुळे तो आम्हांला वाचता आला नाही. आपल्या लिपिकांनी मला कार्यालयीन प्रत दाखवली. त्यात असे आहे की हरकत घेण्याचा अधिकार केवळ वारसांना राहील, आणि ‘ज्या चिन्हाचा वारस पुढे येईल तेवढे एक चिन्ह राखून उर्वरित भाग समतल करण्यात येईल.’

लिपिक माणूस वाईट नाही. तो हळूच म्हणाला, “आजी, तुमचं यातलं कोणी असेल तर सांगा, तेवढं मी वाचवतो. बाकीच्यांसाठी कशाला जीव काढता?” घरी आल्यावर सूनबाईही तेच म्हणाली. म्हणाली, “भट्टीवाल्याचं नाव सांगून मोकळ्या व्हा. कोण तपासायला येणार आहे?”

इथून पुढचे मी स्वतः लिहिते. सूनबाईला कपडे वाळत घालायला गच्चीवर पाठवले आहे. अक्षर वाकडे आहे. मोठे काढते आहे म्हणजे वाचता येईल.

माझ्या आईचे लग्न झालेले नव्हते. जहाज शेवटचे गेले त्यानंतर काही महिन्यांनी मी झाले. हे गल्लीला माहीत होते, पण तोंडावर कोणी काढले नाही, कारण सगळ्यांचे कपडे आमच्याकडे यायचे. शाळेत बापाचे नाव विचारले तेव्हा आईने ‘समुद्रावर’ असे सांगितले आणि मास्तरांनी तसेच लिहून घेतले. ही गोष्ट मी नवऱ्याला एकदाच सांगितली आणि मुलाला कधीच नाही. आज एका सरकारी अर्जात लिहिते आहे, ज्यावर शिक्का बसेल आणि जो शिपायापासून आपल्यापर्यंत सगळे वाचतील. वाचा. मला लाज वाटत नाही. राग येतो आहे.

आपण म्हणाल की बाईला स्वतःलाच माहीत नसेल कोण ते. तसे मनातही आणू नये. माझ्या आईला चांगले माहीत होते. तो स्वयंपाकी नव्हे, हे तिने मला तो येऊन गेला त्याच दिवशी, मी विचारायच्या आधीच सांगून टाकले. बाकीचे तेरा उरले. मी लहानपणी विचारले, लग्न ठरले तेव्हा विचारले, ती अंथरुणाला खिळली तेव्हा पाय चेपता चेपता विचारले. आतातरी सांग, म्हणून मी तिच्यावर ओरडलेही. ती म्हणाली, “एकाचं सांगितलं की तू तेवढाच घासशील. बाकीच्यांना कोण आहे गं?” आणि तोंड भिंतीकडे केले.

तिला मी तेव्हा माफ केले नव्हते. आपली नोटीस वाचल्यावर केले.

तेव्हा साहेब, मी वारस आहे. आपल्याच नियमाप्रमाणे एक खूण राखणे आपल्याला भाग आहे. कोणती, ते मी सांगू शकत नाही. भट्टीवाल्याची म्हणून खोटे सांगणारही नाही, कारण मग त्या तेरांतल्या उरलेल्या बाराजणांवर आपण यंत्र फिरवाल आणि त्यांत माझा बाप असला तर तो माझ्या सहीने पुसला जाईल. तारायंत्रवाला असेल. सुतार असेल. एका खुणेचा माणूस कोण ते मला माहीतच नाही, आईने त्याच्याविषयी कधी काही सांगितले नाही, तर तोच असेल असे मला पुष्कळदा वाटलेले आहे. आरशात बघून मी काय काय ठरवले आणि मोडले ते इथे लिहीत नाही.

म्हणून ही विनंती नव्हे, अट आहे. त्या तेरांत माझा बाप कोण हे आपल्या कार्यालयाने आधी शोधावे आणि मला लेखी कळवावे. आपल्याकडे माणसे आहेत, कपाटे आहेत, दुसऱ्या देशांना पत्रे लिहिण्याची सोय आहे. कळले तर खरोखरच कळवा. मी ऐंशी ओलांडलेली आहे आणि मला ते अजूनही जाणून घ्यायचे आहे. जोपर्यंत कळत नाही तोपर्यंत तेराच्या तेरा माझे बाप आहेत, आणि यंत्र घेऊन जो कोणी धक्क्यावर येईल त्याने आधी मला सांगावे की यातल्या कोणाला पुसायला तो आला आहे.

‘नम्र’ लिहवत नाही, तरी आपलीच,

(सही)
दगडावरच्या तेरांपैकी एकाची मुलगी

दिनांक : हरकतीच्या मुदतीच्या आत.

सोबत : १) आपली नोटीस, कुलपावरून खरवडून काढल्यामुळे फाटकी.
२) मुद्दा ३ च्या पुराव्यादाखल आमच्या फळीवरचा निळा सदरा एक. कॉलर उलटून खूण पाहावी आणि सदरा परत करावा.